बादलीतल्या विसर्जनानंतर

प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तीसाठी पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने घरच्या घरी विसर्जनाचा उपाय दिला आणि पुणे महापालिकेने त्यासाठी अमोनियम बायकार्बोनेट मोफत वाटले. हा उपाय वापरावा का? माझ्या मते वापरावा, पण बादलीत पुढे काय उरते ते जाणून.

प्लास्टरची मूर्ती म्हणजे मुख्यतः कॅल्शियम सल्फेट. ते लिटरभर पाण्यात जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळते. म्हणजे किलोभर मूर्तीला सुमारे चारशे लिटर पाणी हवे. म्हणून ती नदीत महिनोन् महिने तशीच पडून राहते. बायकार्बोनेट घातले की कॅल्शियमला कार्बोनेट भेटते. कॅल्शियम कार्बोनेट त्याहून कितीतरी कमी विरघळते, म्हणून त्याचा पांढरा साका तळाशी बसतो. द्रावणातले कॅल्शियम असे कमी होत गेले, की मूर्तीतले आणखी विरघळते. किलोभर मूर्तीमागे साधारण तेवढेच बायकार्बोनेट लागते. तळाशी 580 ग्रॅमच्या आसपास साका आणि पाण्यात पाऊण किलो अमोनियम सल्फेट उरते.

अमोनियम सल्फेट हे खत आहे. पातळ करून झाडांना दिले तर उत्तमच. पण हजारो घरांनी ते मोरीत ओतले तर तोच नायट्रोजन मुळा-मुठेत जाऊन जलपर्णी पोसणार. शिवाय मूर्तीवरच्या रंगांबद्दल ही अभिक्रिया काहीच करत नाही. रंगाचा थर वेगळा गोळा करावा लागतो आणि रंगमिश्रित पाणी भाजीच्या वाफ्यात घालू नये. अमोनियाच्या वासाने त्रास होतो, तेव्हा बादली बंद न्हाणीघरात नको, मोकळ्या गच्चीवर ठेवावी.

शाडूचा आग्रह धरणाऱ्यांचे म्हणणे रास्त आहे, कारण मूळ प्रश्न मूर्ती निवडतानाच सुटतो. मात्र शाडूही विरघळत नाही, त्याचा गाळच होतो. आणि स्वस्त, हलक्या प्लास्टरवर पोट असलेल्या कारागिरांना एका हंगामात पर्याय मिळत नाही. तोवर घरात आलेल्या प्लास्टरच्या मूर्तीसाठी बादली नदीपेक्षा निश्चित बरी.

दहावीची मुले सिल्व्हर नायट्रेट आणि मिठाचा साका पाठ करतात, ‘अमुक क्षार विद्राव्य, तमुक अविद्राव्य’ अशी यादी घोकतात. त्यांच्यासमोर हा हिशेब मांडावा. ‘अविद्राव्य’ म्हणजे शून्य नव्हे, आणि जे विरघळले ते नाहीसे झाले असे नव्हे, हे त्यातून नीट समजते. महापालिकेनेही पुडीबरोबर उरलेले द्रावण आणि साका गोळा करण्याची सोय प्रत्येक प्रभागात करावी.