सोवळ्यातला फारसी शब्द

मराठी शुद्ध असावी असा आग्रह धरणाऱ्यांना मला एक प्रश्न विचारावासा वाटतो. देवपूजेला नेसायचे सोवळे ज्या रेशमाचे, तो शब्द मुळात फारसी, 'अब्रेशम'पासून आलेला. मग सोवळे विटाळले काय? आपला जुना शब्द कौशेय, म्हणजे कोशापासून झालेले. तो पोथीतच राहिला. कालिदासाने तर 'चीनांशुक' म्हटले. परदेशी माल तेव्हाही नावानिशी मिरवत होता!

गंमत अशी की, पोथीतला हा कोश आमच्या बीड जिल्ह्याच्या शिवारात जिवंत आहे. तुती लावणारा शेतकरी "कोषाला काय भाव?" असे सहज विचारतो. अळी पंचवीसेक दिवस पाला खाते, चारदा कात टाकते आणि मग स्वतःभोवती धागा गुंडाळून घेते. शेडमध्ये हजारो अळ्या पाला कुरतडू लागल्या की सर आल्यासारखा आवाज होतो. 'रेशीमगाठी' जुळवणाऱ्यांनी तो ऐकलेला नसावा.

धागा अखंड निघावा म्हणून कोषातला जीव उष्णतेने मारतात. हे वस्त्र सोवळे. आणि धुतलेले सुती धोतर कुणी शिवले की ओवळे! हा न्याय मला पटत नाही.

ज्या जिल्ह्यातून दरसाल बिऱ्हाडेच्या बिऱ्हाडे कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, तिथे एकरभर तुतीवर एखादे घर गावातच टिकते, हे मला व्युत्पत्तीहून मोठे वाटते. मराठीच्या प्राध्यापकांनी 'कौशेय' फळ्यावर लिहावा, जरूर लिहावा. पण त्या तासाला वर्ग तुतीच्या शेडवर न्यावा.