घरच्या विजेला कंपनीची परवानगी कशाला?

परवान्यासाठी खेटे घालणे आपल्याला नवे नाही. अमेरिकेतल्या युटा राज्याने २०२५ साली त्यातले एक खेटे कायद्याने बंद केले. छोटे सौर पॅनेल अंगणात ठेवायचे, वायर घरातल्या प्लगात खोचायची, त्या विजेवर फ्रीज चालवायचा. १२०० वॅटपर्यंत वीज कंपनीकडे अर्ज नाही, करार नाही, फी नाही. अट घातली ती यंत्राला: सुरक्षिततेचा शिक्का हवा, आणि लाइन गेली की ते आपोआप बंद पडले पाहिजे. हे रास्तच, नाहीतर खांबावर चढलेला वायरमन हकनाक मरायचा. पण घरात वापरून उरलेली वीज लाइनीत गेली, तर तिचा मोबदला नाही. माल घरचा आणि भाव शून्य, हे कलम आम्हाला मान्य नाही.