इतिहास 'रन' करून कधी बघणार?

मंडळी, गेल्या वीकएंडला बारामतीला बहिणीकडे गेलो होतो. भाचा सहावीत आहे. त्याच्या शाळेत नुकताच 'इतिहास दिन' झाला म्हणे.

"काय केलंत रे?"
"मामा, मी मावळा झालो होतो!"
"मग?"
"मग फोटो काढले."
"आणि मग?"
"घोषणा दिल्या... आणि वडापाव."

झालं! तलवार पुठ्ठ्याची, मिशी काजळाची, फेटा भाड्याचा. संध्याकाळी फोटो पालकांच्या ग्रुपवर आणि इतिहास समाप्त.

योगायोग बघा, त्याच रात्री इंग्लंडमधल्या आतेभावाशी बोलणं झालं. त्याच्या मुलीच्या शाळेत 'रोमन डे' झाला होता. वेषभूषा तिथेही होतीच, चादरीचा झगा वगैरे. पण पोरांनी दगडी जात्यावर गहू दळला, मेणाच्या पाटीवर टोकदार काडीनं नावं कोरली, रंगीत तुकडे जोडून मोझॅक केलं. घरी येऊन पोरगी विचारते, "बाबा, रोज एवढं पीठ कोण दळायचं?"

हा प्रश्न म्हणजे इतिहास. कारण त्याचं एक उत्तर 'गुलाम' असं आहे, आणि ते हात दुखल्याशिवाय नीट कळत नाही. आणखी गंमत म्हणजे रोमन काही त्यांचे आजोबा-पणजोबा नव्हेत. इ.स. 43 मध्ये ब्रिटन जिंकायला आलेले परके लोक ते. तरी तिथे कुणाची अस्मिता दुखावत नाही, कारण दिवस जयजयकाराचा नसतो, जगण्याचा असतो.

आपण प्रोग्रॅमिंग कसं शिकलो? मॅन्युअल पाठ करून? कोड रन केला, तो कोसळला, मग डोक्यात शिरलं. इतिहासाच्या बाबतीत मात्र आपण पोरांना मॅन्युअलच्या मुखपृष्ठाला हार घालायला शिकवतोय.

"पण आपल्याकडे तसं काही कुठंय?" असं कोणी म्हणेल. इथेच माझं डोकं फिरतं. आपल्याच पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर, अन्सारी यांच्या चमूनं 1968 ते 1983 या काळात तिथे उत्खनन केलं. साधारण इ.स.पू. 1600 ते 700 मधलं शेतकऱ्यांचं अख्खं गाव सापडलं. कुडाची घरं, चुली, धान्याच्या कणग्या, काळ्या नक्षीची लाल मडकी, मुख्य पीक सातू. दगावलेली लहान मुलं दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात घरातल्या जमिनीखालीच पुरायचे. आणि पुराचं पाणी वळवायला बांध आणि कालवासुद्धा! पुढे, ढवळीकरांच्या मते, हवामान कोरडं होत गेलं. ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, शेती आटली, शेवटी गाव उठलं.

ही घोड पुढे भीमेला मिळते. तीच भीमा उजनीत येते, जिच्या फुगवट्यावर इंदापूरचा ऊस उभा आहे. पाण्यावर वाढलेलं आणि पाण्यावाचून उठलेलं गाव आपल्या नदीच्या वरच्या अंगाला आहे, आणि इथल्या पोराला ते माहीत नाही. त्याच्या पिढीला पाण्याचा हिशोब मांडावा लागणार आहे हो! पुठ्ठ्याची तलवार तिथे काय कामाची?

खर्चाचं रडगाणं नको. पोरांना शाळेच्या मैदानात दोन झोपड्या बांधू द्या, एक चौकोनी, एक गोल. तालुक्यातल्या कुंभाराला मानधन देऊन बोलवा. सातूची भाकरी थापा, जमते का बघा. बारामती तर मोरोपंतांचं गाव. एक दिवस बोरू तासून, शाई करून दहा ओळी लिहा, म्हणजे पंतांनी आयुष्यभरात केवढं लिहिलं ते मनगटाला कळेल. वेळ नाही म्हणता? 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना सांगितलेत, आणि त्यात सुतार-कुंभारांकडे शिकण्याचा उल्लेखही आहे. ते दहा दिवस फेट्यांच्या भाड्यात घालवू नका म्हणजे झालं.

महाराजांबद्दल आदर कमी आहे का? मुळीच नाही. पण मावळा काय खायचा, त्याचं नाचणीचं पीठ कोण दळायचं, हे माहीत नसलेला आदर फोटोपुरताच टिकतो.

रविवारी बहिणीच्या सासूबाईंचं जातं तुळशीमागून काढलं. भाच्यानं अर्धा तास ओढलं, मूठभर जाडंभरडं पीठ पडलं. हात चोळत म्हणाला, "आजी, तू हे रोज करायचीस?"

"पहाटे चारपासून," आजी म्हणाल्या. मग तासभर बोलत राहिल्या. जातं, मोट, बहात्तरचा दुष्काळ, सगळं. इतकी वर्षं एका घरात राहून हे त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

जातं आणखी पन्नास वर्षं टिकेल. आजींचं वय एक्क्याऐंशी आहे. शाळांनो, घाई करा.