पिल्लाचे पोट आणि वेताचे वेळापत्रक

मांसासाठी ससे पाळण्याच्या व्यवसायात पिल्लांचे दूध तोडण्याचा दिवस पुष्कळदा मादीच्या पुढच्या वेतावरून ठरतो, पिल्लाचे पोट तयार झाले आहे की नाही यावरून नव्हे; आणि धडधाकट दिसणारी पिल्ले पाचव्या ते आठव्या आठवड्यात पटापट दगावतात, त्यामागे हा उलटा हिशेब हे एक मोठे कारण असते. मादीचा गाभणकाळ सुमारे ३१ दिवसांचा असल्यामुळे ती व्याल्यानंतर ११ व्या दिवशीच तिला पुन्हा नर दाखवला, तर ४२ दिवसांत एक वेत निघते. युरोपातील मोठ्या फार्मवर रूढ असलेले हे चक्र कागदावर वर्षाला आठ वेते दाखवते, पण तिथली बंदिस्त, हवा खेळती ठेवलेली शेड आणि मोजूनमापून बनवलेले खाद्य त्या कागदाबरोबर येत नाही.

सशाची पिल्ले जन्मतः आंधळी आणि केसविरहित असतात, त्यांचे डोळे दहा-बारा दिवसांनी उघडतात, आणि मादी त्यांना चोवीस तासांत साधारण एकदाच, तेही तीन ते पाच मिनिटे, पाजते. एवढ्यावर त्यांचे भागते, कारण या दुधात स्निग्धांश १२ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे म्हशीच्या दुधाच्या जवळजवळ दुप्पट असतो. याच दुधातील स्निग्धांशापासून पिल्लाच्या जठरात जंतूंना रोखणारी आम्ले तयार होतात, आणि पिल्लाच्या जठरात मोठ्या सशासारखी तीव्र आम्लता नसताना तेच त्याचे संरक्षण असते. दूध तुटले की हे कवच जाते. स्वतःची आम्लता मात्र हळूहळूच वाढते. धोका आहे तो या मधल्या पोकळीत.

दुसरी घडामोड अंधांत्रात, म्हणजे लहान आणि मोठ्या आतड्यांच्या सांध्यावरील मोठ्या पिशवीत होते. तेथील जिवाणू चारा आंबवतात आणि त्यातून तयार होणाऱ्या मऊ लेंड्या ससा थेट गुदद्वाराशी तोंड नेऊन पुन्हा खातो, ज्यातून त्याला प्रथिने आणि जीवनसत्त्वे मिळतात. हे जिवाणू पिल्लाला काही अंशी आईकडूनच मिळतात, कारण पाजायला आलेली मादी घरट्यात थोड्या कडक लेंड्या टाकते आणि पिल्ले त्या कुरतडतात. तिसऱ्या आठवड्यात पिल्ले आईच्या खुराकाला तोंड लावू लागतात, पण पिष्टमय पदार्थ पूर्ण पचवण्याची ताकद त्यांच्यात अजून आलेली नसते. न पचलेले पिष्ट अंधांत्रात उतरले की क्लॉस्ट्रिडियम गटातील जिवाणू माजतात, त्यांचे विष रक्तात भिनते आणि संध्याकाळी खात असलेले पिल्लू सकाळी मेलेले आढळते. म्हणूनच या वयात पोळी, पाव, भिजवलेले हरभरे असे लाडाचे खाणे घातक ठरते, आणि सुके गवत सतत समोर असावे लागते.

मुंबईतील नाहूर, भांडुप, मुलुंड हा पट्टा खाडी व मिठागरे आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या टेकड्या यांच्यामध्ये असल्यामुळे इथली हवा दमट असते, आणि घाम न येणारा, बहुतांश कानांवाटेच उष्णता बाहेर टाकणारा ससा अशा हवेत लवकर हैराण होतो. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये मादीचे खाणे कमी होते, त्यामुळे दूध आटते आणि पिल्ले वजनाने मागे राहतात. पावसाळ्यात खाद्याला बुरशी येते, तर कॉक्सिडिओसिस या आतड्याच्या रोगाचे परजीवी ओलसर जागी एक-दोन दिवसांत रोगकारक होतात. मंडईतून फुकट मिळणारा कोबी-फ्लॉवरचा ओला पाला त्यात भर घालतो. अशा हवेत २८ व्या दिवशी दूध तोडणे हा अविचार आहे. ३५ दिवस ही किमान मर्यादा मानावी आणि उन्हाळ्यात ४० दिवसांपर्यंत थांबावे, मग वर्षाला आठऐवजी पाच वेते निघाली तरी हरकत नाही, कारण विक्रीला जाते ते जगलेले पिल्लू.

प्रत्यक्ष दूध तोडताना पिल्ले हलवू नयेत, मादी हलवावी. ओळखीचा पिंजरा, ओळखीचा वास आणि सोबतची भावंडे तशीच राहिली, तर एका वेळी एकच बदल सोसावा लागतो; खाद्यही त्यानंतर किमान आठवडाभर तेच ठेवावे. फ्रान्समध्ये १९९६-९७ च्या सुमारास आतड्याच्या एका नव्या साथीने फार्म पोखरले, आणि तिथल्या संशोधनातून असे दिसले की दूध तुटल्यावर पहिले काही आठवडे पोटभर खाद्य देण्याऐवजी सुमारे पाऊण हिश्श्यावर ठेवलेली पिल्ले कमी मरतात. भरपूर खाऊ घालण्याच्या आपल्या ममतेला हे पटत नाही, तरी ते पाळण्याजोगे आहे.

रोज सकाळी पिंजऱ्याखालचा ट्रे पाहावा: लेंड्या गोल, कोरड्या आणि मोडल्यावर गवताचे तंतू दाखवणाऱ्या हव्यात. त्या बारीक किंवा चिकट झाल्या, पिल्लू कोपऱ्यात पाठ वाकवून दात खात बसले किंवा उचलताना पोटात पाणी हिंदकळल्यासारखे वाटले, तर पशुवैद्याला तत्काळ दाखवावे. घरातल्या गोळ्यांपैकी अमॉक्सिसिलिन तोंडावाटे देणे म्हणजे अंधांत्रातील उपयुक्त जिवाणू मारून पिल्लाचा अंत जवळ आणणे होय. वेगळ्या केलेल्या मादीचा खुराकही दोन-तीन दिवस कमी करावा, म्हणजे दूध हळूहळू आटते आणि कासदाह, म्हणजे सडांना सूज येऊन ते कडक व गरम होणे, टळतो.