आठवणीला खूण लागते!

शिक्षक मित्रांनो, "याच्या काही लक्षातच राहत नाही," असं आपण किती सहज म्हणतो ना? हेमलकशात घरी माडिया बोलणारं मूल मराठी पुस्तक उघडून गप्प बसलं की हमखास!

पण तेच मूल बघा. मोहफुलांचा वास आला की पहाट, टोपली, आजी सगळं त्याला एकदम आठवतं. तुकड्यावरून पूर्ण चित्र आठवणे म्हणजे साहचर्य स्मृती. जॉन हॉपफिल्ड यांनी १९८२ मध्ये तिचं गणिती प्रतिमान मांडलं. २०२४ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलचे ते एक मानकरी. त्यांच्या जाळ्यात मात्र १०० पेशींमागे साधारण १४ च नमुने नीट साठतात.

क्वांटम प्रतिमानात १० क्यूबिटमध्ये १०२४ पर्यंत नमुने एकत्र मांडता येतात. पण मोजलं की हाती एकच येतो, तोही कुठला ते नशिबावर. म्हणून आधी अर्धवट खूण देऊन हव्या नमुन्याची शक्यता वाढवतात, मगच मोजतात.

आपला मेंदू क्वांटम आहे, असं मी म्हणत नाही. पण साठा कितीही असो, योग्य खूण हवीच, हे मला पटतं. 'संगम' शिकवताना गंगा-यमुनेआधी भामरागडच्या पर्लकोटा, पामुलगौतमी, इंद्रावती विचारा. मूल माडियात सांगेल, सांगू द्या. मराठी शब्द त्यालाच जोडा.

मूल विसरलं म्हणण्याआधी, आपण खूण कोणती दिली ते तपासूया.