कुस्ती कापडाची आणि कातडीची

जालना जिल्ह्यातील केदारखेड्याच्या एका वाचकबंधूंनी प्रश्न पाठविला आहे. नोकरीनिमित्त ते शहरात राहतात. त्यांच्या १५ वर्षांच्या मुलीला जुजुत्सू शिकायचे आहे. एका वर्गात जाड सुती अंगरखा, विजार आणि पट्टा असा ‘गी’ नावाचा पोशाख लागतो. दुसऱ्यात अंगाबरोबरचा सदरा आणि अर्धी विजार पुरते. गावाकडचे आजोबा म्हणतात, “कपडे घालून कसली कुस्ती?” मुलीला घालावे तरी कुठे?

आजोबांचा मान राखून सांगतो, प्रश्न कपड्याचा नाही, पकडीचा आहे. तालमीतला पैलवान जोडीदाराच्या अंगावर माती टाकतो, ती काय उगीच? घामाने निसटणारे अंग हाती यावे म्हणून! आपल्याकडे जे मातीने साधले, ते जपानात कापडाने साधले. १८८२ साली जिगोरो कानो यांनी जुन्या जुजुत्सूतून ज्युदो उभा केला, तोही अंगरख्याच्या पकडीवरच. पुढे मित्सुयो माएदा हे ज्युदोपटू ब्राझीलला गेले आणि त्यांचे शिष्य कार्लोस ग्रेसी यांच्या घराण्याने जमिनीवरच्या डावांचे आजचे जुजुत्सू घडविले.

अंगरख्याची गळपट्टी, बाही, विजारीचा पाय, सारेच धरता येते. पकड बसली की सुटणे कठीण. म्हणून खेळ सावकाश चालतो आणि नवशिक्याला आपली चूक उमगायला वेळ मिळतो. अंगरखा उतरला की हाती उरतात मनगट, मान आणि बगल. अंग निसटते, खेळ चपळ होतो. इथे आजोबांचा ‘पट’ चांगला चालतो! मात्र टाच पिळण्याचे डाव या प्रकारात अधिक. त्यांत गुडघ्याला धोका असतो. नवशिक्यांनी त्यांच्या वाटेस जाऊ नये.

तेव्हा आरंभ अंगरख्याने करावा. रस्त्यात कोणी धरलेच, तर बाही किंवा ओढणीच धरतो. ती पकड सोडवून पळ काढण्याचा सराव इथे होतो. पुढे मात्र आठवड्यातून एक दिवस अंगरखा खुंटीला टांगावा. कापडावरच विसंबलेले हात कापड नसले की रिकामे राहतात.

सवय बदलता येते, हे आपल्या खाशाबा जाधवांनी दाखविले आहे. मातीत तयार झालेला हा गडी १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये गादीवर उतरला आणि सहावा आला. १९५२ साली हेलसिंकीहून त्याने कांस्यपदक आणले. जमीन बदलली, नियम बदलले; पैलवान तोच होता.

वर्ग निवडताना पोशाखाच्या आधी एक गोष्ट पाहावी. जोडीदाराने हाताने थोपटून ‘पुरे’ म्हटले की समोरचा तत्काळ पकड सोडतो का? सोडत नसेल आणि शिक्षकही गप्प बसत असतील, तर अंगरखा कितीही शुभ्र असो, तिथे आपली मुलगी घालू नये.