रस्ता माणसाचा की मोटारीचा?

1929 साली चाळीसगावच्या स्थानकावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांस वस्तीपर्यंत नेण्यास एकही टांगेवाला तयार झाला नाही. टांगा मिळाला, पण हाकणारा मिळेना. अखेर वस्तीतीलच एका इसमाने लगाम हाती घेतला. त्याला त्या कामाची सवय नव्हती. वाटेतील मोरीवर अपघात होऊन बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले व त्यांचा पाय जायबंदी झाला. ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. वाहन मिळणे वा न मिळणे ही माणुसकीच्या हक्काची बाब आहे, हे आपल्या समाजास कोणी निराळे शिकवावे लागत नाही.

गाव सोडून मुंबईस आलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांस ह्या शहराने जे काही दिले, त्यात ट्राम, बस व लोकल ह्यांचा वाटा मोठा आहे. कंडक्टर पैसे घेतो आणि तिकीट देतो. जात विचारीत नाही. ज्या 1956 साली नागपुरास धम्मदीक्षा झाली, त्याच वर्षी अमेरिकेतील माँटगोमेरी शहराचे काळे नागरिक बसमधील अपमानास्पद आसनव्यवस्थेविरुद्ध पायी चालत होते. 381 दिवस त्यांनी बसवर बहिष्कार टाकला व शेवटी न्यायालयातही ते जिंकले. आपला प्रश्न आज थोडा निराळा आहे. बसमध्ये बसावयास आपणांस कोणी मनाई करीत नाही. परंतु ती बसच हळूहळू नाहीशी होत आहे.

मुंबईची ट्राम 31 मार्च 1964 रोजी बोरीबंदरहून दादरला शेवटची फेरी करून बंद झाली. तिची खूण म्हणून ‘दादर टी.टी.’ एवढे नाव उरले. विजेवर चालणारे, धूर न सोडणारे वाहन आपण मोडीत काढले आणि आता ‘शाश्वत वाहतूक’ हवी म्हणून परिषदा भरवीत आहोत! ट्रामची जागा बसने घेतली, म्हणून ते नुकसान तेव्हा सोसले गेले. मात्र एकेकाळी चार हजारांहून अधिक असलेला बेस्टच्या गाड्यांचा ताफा 2025 मध्ये तीन हजारांच्याही खाली आला. पूर्वी विजेच्या नफ्यातून बसचा तोटा भरून निघत असे. वीज नियमनाच्या नव्या व्यवस्थेत ती वाटही बंद झाली.

9 मे 2025 पासून साध्या बसचे किमान भाडे पाच रुपयांवरून दहा रुपये झाले. मोटारवाल्यास हे हास्यास्पद वाटेल. शीव कोळीवाड्यातील ज्या घरातून दोन माणसे रोज बसने कामास जातात व परततात, त्यांचा हिशेब करून पाहावा. पंचवीस दिवसांस पूर्वी पाचशे रुपये लागत, आता हजार लागतात. ह्या जादा पाचशे रुपयांकरिता धुण्याभांड्याच्या कामास जाणाऱ्या बाया प्रतीक्षानगर, अँटॉप हिलकडून पायी निघतात. मी रोज कोर्टात जाताना त्यांस पाहतो. एक गोष्ट कायद्याच्या माणसास विशेष बोचते. मुंबई महापालिकेच्या सभागृहाची मुदत मार्च 2022 मध्ये संपली होती, आणि ही भाडेवाढ झाली तेव्हा तिला विरोध करण्यास एकही निवडून आलेला नगरसेवक पदावर नव्हता.

पैसा नाही, असे म्हणता येत नाही. सागरी किनारा रस्त्यास तेरा हजार कोटींहून अधिक रुपये लागले. त्यावर दुचाकी व रिक्षांस मनाई आहे. तिचे सुरक्षिततेचे कारण मी मान्य करतो. बसला तेथे मज्जाव नाही, हेही खरे. परंतु त्या रस्त्यावरून मोटारी किती जातात व बसगाड्या किती, हे कोणीही उभे राहून मोजावे. पन्नास माणसे एका बसमध्ये मावतात. तीच एकएकटी मोटारींतून निघाली तर पन्नास मोटारी होतात, आणि धूर मात्र पायी चालणाऱ्याच्या छातीत जातो.

आमच्या डोक्यावरून मोनोरेलही गेली. 2014 साली चेंबूर ते वडाळा व 2019 साली पुढे संत गाडगे महाराज चौकापर्यंत ती सुरू झाली. 19 ऑगस्ट 2025 रोजी पावसाने हार्बर मार्ग बंद पडला, तेव्हा लोकांनी तिच्याकडे धाव घेतली. वजन क्षमतेपलीकडे गेले, गाडी म्हैसूर कॉलनी व भक्ती पार्कच्या दरम्यान अधांतरी अडकली आणि पाचशेहून अधिक प्रवाशांस अग्निशामक दलाने शिड्या लावून उतरविले. पुढच्याच महिन्यात, 20 सप्टेंबरपासून, सुधारणेसाठी ती सेवा थांबविण्यात आली. आणीबाणीच्या दिवशी जे वाहन गर्दी पेलू शकत नाही, त्यावर कोट्यवधी रुपये घालणाऱ्यांनी मुंबईची गर्दी कधी पाहिली होती काय?

शिवाचा 1912 सालचा पूल 1 ऑगस्ट 2024 पासून वाहनांस बंद झाला. रेल्वेमार्गासाठी ते आवश्यक असेल. पण पुलावरील बसचे मार्ग वळविले गेले, आणि त्या वळणाची किंमत धारावी व शीव येथील बसप्रवाशांनी वेळेने मोजली.

1986 साली सर्वोच्च न्यायालयाने हिमाचल प्रदेशातील एका डोंगरी रस्त्याच्या खटल्यात निर्णय दिला. अर्जदार गरीब व बहुतांश अनुसूचित जातींचे रहिवासी होते. रस्त्यावाचून त्यांचे जीवन खुंटते, म्हणून रस्ता मिळणे हा घटनेच्या 21 व्या कलमातील जीविताच्या हक्काचाच भाग होय, असे न्यायालयाने ठरविले. मे 2025 मध्ये त्याच न्यायालयाने पादचाऱ्यास मोकळा पदपथ मिळण्याचा हक्कही ह्याच कलमाखाली मान्य केला. घटनेच्या 15 व्या कलमाने विहिरी, तलाव, स्नानघाट व रस्ते ह्यांच्या वापरात जातीची आडकाठी दूर केली. पैशाच्या आडकाठीवर त्यात शब्द नाही. ती दूर करण्याचे काम सरकारच्या अंदाजपत्रकाचे आहे. केंद्राच्या 2006 च्या नागरी वाहतूक धोरणाने रस्त्याची वाटणी वाहने न मोजता माणसे मोजून करावी असे सांगितले, पण ते कागदावरच राहिले.

म्हणून माझी सूचना अशी की, आपल्या वसाहतीतील मंडळांनी व महिलांनी माहितीच्या अधिकाराखाली बेस्टकडे अर्ज करावा. शुल्क दहा रुपये आहे. आपल्या प्रत्येक मार्गावर 2019 साली दिवसाला किती फेऱ्या होत्या, आज किती आहेत, व कोणत्या मार्गावरील बस काढून घेतली, एवढेच विचारावे. वीस घरांनी वीस मार्गांचे अर्ज वाटून घ्यावेत. उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते; न मिळाल्यास पहिले अपील करावे. अर्जाचा मसुदा ज्यांस हवा असेल त्यांस मी लिहून देईन. ही उत्तरे हाती आल्यावर आपल्या प्रभागातील नगरसेवकास भेटावे, आणि फेऱ्यांचा तक्ता त्याच्यासमोर ठेवून कोणती बस कोणत्या तारखेपासून पुन्हा सुरू करणार, हे त्याच्याकडून लेखी घ्यावे.